नोकरी किंवा कॉलेज सांभाळून ग्राफिक डिझाइनचं सॉफ्टवेअर कसं शिकायचं

पार्ट टाइम क्लास लावू का घरीच व्हिडिओ बघून शिकू, हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दोन्हीनं येतं. आणि दोन्हीकडे लोक अर्ध्यात सोडतात त्याचं कारणही एकच असतं, ते टूल शिकत बसतात, फाइल पूर्ण करत नाहीत. आज ब्रश, उद्या ग्रेडियंट, परवा थ्रीडी इफेक्ट असं महिनाभर चालतं आणि मग कोणी म्हणालं एक साधं पत्रक करून दे, की हात थांबतो. माझं सरळ मत आहे की पहिल्या आठवड्यापासून छोटी का होईना पण पूर्ण फाइल करायची, म्हणजे दुसऱ्याला उघडता येईल, बदलता येईल, छापता येईल अशी, आणि ती फाइल जाणकार माणसाला उघडून दाखवायची. क्लास हवा की नको ते यावरूनच ठरतं, फाइल उघडून बघणारं माणूस तुमच्याकडे आहे का.

आधी काय बनवायचंय ते ठरवा, सॉफ्टवेअर आपोआप ठरतं. फोटोवर काम असेल तर फोटोशॉप किंवा गिंप. लोगो, आयकॉन, चित्रं, फलक असेल तर इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केप. पुस्तक, अंक, जास्त पानांचं काही असेल तर इनडिझाइन किंवा स्क्रायबस. ॲपचे आणि वेबसाइटचे स्क्रीन करायचे असतील तर फिग्मा. यातला मुख्य फरक रास्टर आणि व्हेक्टरचा. रास्टर म्हणजे फोटोसारखं, पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचं बनलेलं, मोठं केलं की फाटतं. व्हेक्टरमध्ये आकार गणितानं साठवलेला असतो, त्यामुळे तोच लोगो पेनावरही छापा आणि इमारतीवरही लावा, कडा तशाच धारदार राहतात. म्हणूनच फोटोशॉपमध्ये पिक्सेलमध्ये केलेला लोगो पुढे त्रास देतो, मोठा बॅनर करायची वेळ आली की सगळं परत काढावं लागतं.

सुरुवात कुठून करायची तर मी व्हेक्टरपासून सांगते. बरेच जण फोटोशॉपनं सुरू करतात कारण नाव ओळखीचं असतं, पण तिथं चांगला फोटो घेतला की काम आपोआप बरं दिसतं आणि आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं. व्हेक्टरमध्ये रिकामा आर्टबोर्ड, म्हणजे कामाचं कोरं पान असतं, आकार, रंग, अक्षर आणि मोकळी जागा एवढंच हातात असतं, त्यामुळे नजर लवकर तयार होते. दोन-तीन महिने एकच सॉफ्टवेअर धरा. एक नीट आलं की दुसरं फार लवकर येतं, कारण लेयर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क, पेन, अलाइन हे सगळीकडे जवळपास तेच असतं, फक्त बटणाची जागा बदलते.

पैशाचं म्हणाल तर फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबीनं २०१३ पासून नवीन व्हर्जन फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, एकदा पैसे भरून कायमची घ्यायची सीएस ६ ही शेवटची होती, २०१२ सालची. ट्रायल साधारण सात दिवसांची मिळते, ती उगाच सुरू करून वाया घालवू नका, आधी फुकटच्या सॉफ्टवेअरवर हात बसवा आणि मग करायचं काम समोर ठेवून ट्रायल सुरू करा. प्लॅन घेताना एक गोष्ट नीट वाचा, वर्षाचा करार पण पैसे दरमहा असा प्लॅन असतो, तो मध्येच बंद केला तर दंड लागू शकतो. विद्यार्थ्यांना सवलत असते, ती आधी तपासा.

फुकटात चांगले पर्याय आहेत आणि ते कामचलाऊ नाहीत. गिंप १९९६ पासून आहे आणि २०२५ ला आलेल्या ३.० मध्ये फिल्टर लावल्यावरही नंतर बदलता येतात, आधी ते येत नव्हतं हीच मोठी अडचण होती. इंकस्केप २००३ पासून आहे. चित्र काढणाऱ्यांसाठी क्रिटा आहे. फोटोपिया ब्राउझरमध्येच चालतं आणि पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल उघडतं, त्यामुळे कमजोर लॅपटॉपवाल्यांना आणि दुसऱ्याच्या कंप्युटरवर बसणाऱ्यांना फार उपयोगी. ॲफिनिटी हे फोटो, व्हेक्टर आणि पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर २०२४ मध्ये कॅनव्हानं विकत घेतलं आणि २०२५ पासून ते फुकट मिळतंय, तेही बघून ठेवा. मर्यादा पण माहीत हवी, इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं, छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची पीडीएफ हवी असेल तर तिथली फाइल स्क्रायबसमध्ये नेऊन बनवावी लागते. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र टाकू नका, त्यातून व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाच्या फाइली त्याच मशिनवर असतात.

कॅनव्हाबद्दल नेहमी विचारतात. तयार टेम्प्लेट देणारं ते ऑनलाइन साधन झटपट पोस्टसाठी उत्तम आहे, पण टेम्प्लेटमध्ये नाव बदलणं म्हणजे डिझाइन शिकणं नव्हे, आणि तिथं तुमचा हात पेन टूलवर बसणार नाही.

मशिन फार भारी लागत नाही. फोटोशॉपला ८ जीबी रॅम किमान लागते आणि १६ असेल तर निवांत चालतं. पण माउस घ्या, कसलाही घ्या, ट्रॅकपॅडवर पेन टूल शिकणं म्हणजे विनाकारण छळ आहे. पेन टॅबलेट चित्रकारांना लागतो, बाकीच्यांनी त्यात आत्ता पैसे घालू नयेत.

आता क्लास लावायचा असेल तर काय बघायचं. जाहिरातीत आठ सॉफ्टवेअर तीन महिन्यांत असं लिहिलेलं असेल तर कागद घेऊन हिशोब करा. आठवड्याला दोन दिवस, दोन-दोन तास धरले तर तीन महिन्यांत पन्नासच्या आसपास तास होतात, त्याला आठनं भागलं की एका सॉफ्टवेअरच्या वाट्याला जेमतेम सहा तास. सहा तासांत मेनू कुठं आहे ते कळतं, बाकी काही नाही. त्यापेक्षा दोनच सॉफ्टवेअर शिकवणारा क्लास बघा.

डेमो लेक्चरला बसाच, आणि तिथं शिकवणाऱ्याकडे न बघता मागे बसलेल्या मुलांच्या स्क्रीनकडे बघा. सगळ्यांच्या स्क्रीनवर तेच पोस्टर, तोच फोटो, तोच फॉन्ट दिसत असेल तर तिथं नक्कल करून घेतात, एकेकाचं काम कोणी बघत नाही. मग सरळ विचारा, माझी फाइल तुम्ही उघडून बघणार का, किती वेळा, एका बॅचला किती जण असतात, क्लासच्या वेळेबाहेर लॅबमध्ये बसता येतं का, एखादा दिवस बुडाला तर तो भाग परत मिळतो का. नोकरी करणाऱ्यांचा दिवस बुडतोच, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. अभ्यासक्रम लेखी मागा. त्यात पहिला दिवस सिलेक्शन टूल्स, दुसरा दिवस ब्रश टूल्स अशी यादी असेल तर मी तिथं पैसे भरणार नाही, एक पत्रक, एक पॅकेटचं वेष्टण, एक आठ पानी पुस्तिका अशी कामांची यादी असेल तर तो क्लास विचार करण्यासारखा आहे. नोकरीची शंभर टक्के हमी असं म्हणत असतील तर ती हमी कागदावर काय लिहून देतात ते वाचा.

सर्टिफिकेट बऱ्याच जणांना मोठं वाटतं, पण काम देणारा आधी काम बघतो. ॲडोबी सर्टिफाइड प्रोफेशनल नावाची परीक्षा आहे, ती ऑफिसात किंवा शिकवण्याच्या नोकरीत कागद लागणार असेल तर द्या, नाहीतर तोच वेळ पोर्टफोलिओला, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांना द्या.

स्वतः शिकणाऱ्यांनी व्हिडिओ कसे बघायचे हे आधी ठरवावं, कारण सगळा वेळ तिथंच जातो. मी असं सुचवते, व्हिडिओ एकदा सलग बघा, हात न लावता. मग तो बंद करा आणि स्वतः करायला घ्या, अडलं की फक्त तेवढंच अर्धं मिनिट परत बघा. जमलं की दुसऱ्या दिवशी तेच काम वेगळा फोटो, वेगळा मजकूर, वेगळा आकार घेऊन करा, ही दुसऱ्या दिवसाची पायरीच सगळे गाळतात आणि खरं शिकणं तिथंच होतं. पॉज करत करत सोबत केलेलं काम छान दिसतं पण चार दिवसांनी त्यातलं काही हाताला आठवत नाही. शंभर व्हिडिओंची प्लेलिस्ट संपवायची म्हणून संपवू नका. इंकस्केपच्या हेल्प मेनूमध्ये ट्युटोरियल आतच दिलेले आहेत, ते उघडले की खरी फाइलच उघडते आणि वाचता वाचता त्यातलेच आकार हलवून बघता येतात, कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

वेळ रोज थोडा द्या. रविवारी सहा तास बसण्यापेक्षा आठवड्यात पाच दिवस पाऊण-पाऊण तास बसलं तर शॉर्टकट बोटात बसतात, सायकलसारखंच आहे हे, रोज थोडी चालवली की तोल डोक्यातून अंगात जातो.

आता पेन टूल, म्हणजे पॉइंट टाकून वक्र रेषा काढायचं साधन, कारण निम्मे लोक इथंच सोडतात. ही वक्र रेषा मुळात गाड्यांच्या कारखान्यातली, रेनॉमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो या दोघांनी गाडीच्या बॉडीचे वळणदार आकार गणितात बसवण्यासाठी ती वापरली, आणि १९८७ ला इलस्ट्रेटर आलं तेव्हा तीच पेन टूल म्हणून आपल्या हातात आली. इलस्ट्रेटरमध्ये सराव असा करा. एक मोठं जाड इंग्रजी एस अक्षर इमेज म्हणून आणा, लेयर लॉक करा, ओपॅसिटी अर्धी करा, वर नवीन लेयर घ्या. पी दाबून पेन घ्या. आता पॉइंट कुठेही टाकायचा नाही, वळण जिथं सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे किंवा सगळ्यात उजवीकडे पोचतं तिथंच टाकायचा. क्लिक करून तसंच ओढायचं आणि शिफ्ट दाबून ठेवायचं, म्हणजे हँडल, पॉइंटमधून निघणारी आणि वळण ठरवणारी दांडी, एकदम आडवं किंवा एकदम उभं राहतं. हँडलची लांबी पुढच्या पॉइंटपर्यंतच्या वळणाच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. एसच्या मधल्या तिरक्या भागात पॉइंट टाकावासा वाटतो, टाकू नका, वरच्या पोटाच्या डाव्या टोकाला एक उभं हँडल आणि खालच्या पोटाच्या उजव्या टोकाला दुसरं उभं हँडल, एवढ्यावर तो तिरका भाग आपोआप वळतो. हे पहिल्यांदा डोळ्यासमोर होताना बघितलं की पेन टूलची भीतीच जाते. जिथं अणकुचीदार कोपरा हवा तिथं ऑल्ट दाबून एकच हँडल वळवा. झाल्यावर कंट्रोल वाय दाबून नुसत्या रेषा बघा, मग ए दाबून एकेक पॉइंट सरकवा, आणि काढता येईल तेवढे पॉइंट काढून टाका, जितके कमी तितकी रेषा गुळगुळीत. कंटाळा येत असेल तर बेझिए गेम नावाचा ब्राउझरमधला खेळ आहे, त्यात कमीत कमी पॉइंटमध्ये आकार काढायचा असतो.

फोटोशॉपवाल्यांसाठी पेनइतकंच महत्त्वाचं म्हणजे लेयर मास्क. फोटोतली मागची बाजू काढायला इरेझर वापरलात की पुसलेलं कायमचं गेलं, गिऱ्हाईक म्हणालं थोडे केस परत आणा तर कुठून आणणार. मास्कमध्ये काळा रंग लपवतो, पांढरा दाखवतो, राखाडी अर्धवट दाखवतो, बस्स. बी दाबून ब्रश घ्या, डी दाबून काळा-पांढरा आणा आणि एक्स दाबून दोन्ही अदलाबदल करत राहा, जास्त गेलं की एक्स दाबून परत आणा. मग ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर क्लिक करा, नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो आणि त्यात राहिलेले राखाडी डाग लगेच पकडता येतात, जे साध्या नजरेला दिसत नाहीत पण छापल्यावर घाण दिसतात. फोटो लहान-मोठा करायच्या आधी स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ फोटो जपणारा लेयर करून घ्यायची सवयही आत्ताच लावा.

पहिलं पूर्ण काम म्हणून ए फाइव्ह आकाराचं पत्रक करा. आकार १४८ गुणिले २१० मिलिमीटर, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे रंग १५४ गुणिले २१६ पर्यंत न्यायचा, कारण कागद कापताना पातं किंचित सरकतं आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा. फोटो छापायच्या आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) हवा, ए फाइव्ह पूर्ण पानाचा असेल तर १७४८ गुणिले २४८० पिक्सेल, आणि ब्लीडपर्यंत जाणार असेल तर त्याहून थोडा जास्त. छोटा फोटो घेऊन नुसता आकडा ३०० केला तर त्यात नवीन तपशील येत नाही, हे लक्षात ठेवा. कलर मोड सीएमवायके. स्क्रीनवरचा चमकदार हिरवा आणि निळा छापल्यावर उतरलेला दिसतो, ते आधीच प्रूफ कलर्समध्ये बघून घ्या. बारीक मजकुराचा काळा फक्त के शंभर, म्हणजे नुसती काळी शाई शंभर टक्के ठेवा, चार रंगांचा काळा केला आणि छपाईत रंगाच्या प्लेटा केसभर जरी हलल्या तरी अक्षरांच्या कडा धूसर होतात. पाठवताना फॉन्ट आउटलाइन करायचे, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे असतील तर एडिट होणारी कॉपी आधी वेगळी सेव्ह करा, आणि पीडीएफ कशी हवी ते छापणाऱ्यालाच विचारा, ते आनंदानं सांगतात.

मराठी मजकूर टाकताना जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते, तेव्हा फॉन्टला दोष देण्याआधी सेटिंग बघा. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं, इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर असतो, इलस्ट्रेटरमध्ये त्याच मेनूत भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर असतो. फॉन्ट युनिकोडच घ्या, गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आणि बालू सारखे फॉन्ट मोकळ्या परवान्यावर मिळतात, व्यावसायिक कामातही चालतात. बाकी कुठलाही फॉन्ट किंवा फोटो घेताना परवाना वाचायचा, फ्री लिहिलेलं बरंच काही फक्त खासगी वापरापुरतं असतं.

पत्रक झालं की एक परीक्षा घ्या, मला ही सगळ्यात आवडते. ती फाइल, जेपीजी नाही, मूळ फाइल, शिकणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी द्या आणि म्हणा यातली तारीख बदल आणि फोटो दुसरा टाक. तुम्ही शेजारी गप्प बसा. तो लेयर शोधत बसला, लेयर ४७ कॉपी २ असली नावं वाचत राहिला, फॉन्ट सापडला नाही, फोटोची लिंक तुटली, तर काय शिकायचं राहिलंय ते तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा स्वच्छ कळेल. लेयरला नावं, ग्रुप, रंगांचे स्वॉच (साठवून ठेवलेले रंग), मजकुराला पॅराग्राफ स्टाइल (मजकुराची ठरवून ठेवलेली मांडणी), फोटो एका फोल्डरमध्ये, ही शिस्त डिझाइनचाच भाग आहे आणि ऑफिसात पहिल्या दिवशी हीच बघितली जाते. क्लासमध्ये असाल तर सरांना किंवा मॅडमला फाइल उघडायला लावा, घरी शिकत असाल तर एक-दोन शिकणारे सोबती शोधा आणि आठवड्यातून एकदा फाइलींची अदलाबदल करा. कसं झालंय असं विचारू नका, छान झालंय एवढंच उत्तर येतं. पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा आधी काय दिसलं, काय आठवतंय, कधी आहे कार्यक्रम. तारीख सांगता आली नाही तर तारीख लहान पडलीये, वाद घालत बसू नका, दुरुस्त करा.

एआयचं एकदा सांगून पुढे जाते. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून जनरेटिव्ह फिल, म्हणजे निवडलेला भाग एआयनं भरून देणारी सोय आहे, कडा वाढवायला, नको ती वस्तू काढायला चांगलं आहे, वापरा. पण त्यानं आलेला तुकडा बाकीच्या फोटोत बसवायला मास्क आणि रंग जुळवणं आलंच पाहिजे, म्हणून ते आधी शिका.

पोर्टफोलिओत सहा ते आठ कामं पुरे, पंचवीस टाकली तर बघणारा त्यातलं सगळ्यात कच्चं लक्षात ठेवतो. प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा, काय मागितलं होतं आणि तुम्ही तसं का केलं. खरं गिऱ्हाईक नसेल तर खऱ्या गरजा शोधा, वाचनालयाची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक, एखाद्या फॉर्मची किचकट मांडणी, अशी रोजची कामं सुटसुटीत करून दाखवली तर ती काल्पनिक परफ्यूमच्या जाहिरातीपेक्षा जास्त बोलतात. बिहान्स या कामं दाखवायच्या वेबसाइटवर टाका, पण मूळ फाइली जपून ठेवा, मुलाखतीला फाइल उघडून दाखवा म्हणतात.

आणि पहिलं पैशाचं काम आलं की हात लावायच्या आधी चार गोष्टी लेखी घ्या, मेसेजमध्ये चालतील. नेमका आकार आणि ते छापणार का स्क्रीनवर दाखवणार, मजकूर कोण देणार आणि तो तपासलेला आहे का, दुरुस्त्या किती वेळा करून देणार, आणि शेवटी फक्त पीडीएफ द्यायची का एडिट होणारी फाइलसुद्धा. शेवटचा मुद्दा आधी बोलला नाही तर नंतर हमखास वाजतं, त्यामुळे मूळ फाइल देणार असाल तर तिचे पैसे वेगळे धरून पहिल्याच दिवशी सांगून टाका.